‘तां’ म्हणजे काय?

दोस्तांनो, समजा, तुमच्या वर्गातला एक मुलगा सायकलवरून पडला. डोक्याला जबर मार लागला. तीन महिन्यांनी तो शाळेत आला. तुम्ही विचारलंत, “काय रे, कसा आहेस?” तो नुसता बघत राहिला. मधल्या सुट्टीत कुणीतरी कुजबुजलं, “याचं डोकं गेलंय!”

खरंच गेलंय का? त्याआधी डॉक्टरांच्या तोंडचे चार शब्द समजून घेऊ या.

पहिला शब्द कन्कशन. आपला मेंदू कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात असतो. डोकं आपटलं की तो आतल्या आत हादरतो. रक्त येत नाही, कधी टेंगूळही येत नाही. पण डोकं दुखतं, चक्कर येते, नुकतंच घडलेलं आठवत नाही. बहुतेक मुलं यातून पूर्ण बरी होतात. मात्र त्याच दिवशी पुन्हा खेळायला जायचं नाही! आणि आईबाबांनो, वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, फिट किंवा उठवूनही न जाणारी गुंगी दिसली, तर हळद-चुना लावत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा.

दुसरा शब्द कोमा, म्हणजे खोल बेशुद्धी. ती किती खोल आहे हे मोजायला ग्लासगो शहरातल्या टीझडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी 1974 साली एक मोजपट्टी काढली. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त 4 गुण, बोलण्याला 5, हालचालीला 6. एकूण 15. गंमत म्हणजे या परीक्षेत शून्य मिळतच नाही. कमीत कमी 3! आठ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे साधारणपणे कोमा. सिनेमातला हीरो डोळे उघडतो आणि लगेच “आई!” म्हणतो. खरा पेशंट मात्र हळूहळू, पायरी पायरीने जागा होतो.

तिसरा शब्द पुनर्वसन. धरणग्रस्तांच्या बातमीत तुम्ही तो वाचला असेल. इथे गाव तेच असतं, पण रोजचं जगणं पुन्हा वसवायचं असतं. फिजिओथेरपिस्ट तोल सांभाळायला, चालायला शिकवतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट शर्टाची बटणं लावणं, दप्तर भरणं यांचा सराव करून घेतात. याला महिने लागतात, कधी वर्षंही.

चौथा शब्द अफेजिया, मराठीत वाचाघात. याची गोष्ट ऐका. पॅरिसजवळच्या एका हॉस्पिटलात 1861 साली डॉक्टर पॉल ब्रोका यांच्याकडे एक पेशंट आला. काहीही विचारा, उत्तर एकच, “तां, तां!” सगळे त्याला ‘तां’ म्हणूनच ओळखत. ब्रोकांनी विचारलं, “इथे किती वर्षं आहेस?” त्याने पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवलं. करा हिशेब: एकवीस. उत्तर अगदी बरोबर होतं!

थोड्याच दिवसांत तो वारला. ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूचा पुढचा एक भाग खराब झालेला आढळला. बोलण्याच्या कामातला तो महत्त्वाचा भाग. त्याची इजा आजारातली होती, पण अपघातातही हा भाग दुखावू शकतो. अशा वेळी शब्द जिभेवर येत नाहीत. विचार मात्र आत चालू असतो.

आता पुन्हा आपल्या मित्राकडे येऊ. त्याला एका वेळी एकच प्रश्न विचारा. मग मनातल्या मनात दहा अंक मोजा. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. शब्द सापडलाच नाही, तर कागद-पेन्सिल पुढे करा किंवा बोटांनी दाखवू द्या. गोंगाटाने तो लवकर थकतो, तेव्हा घोळका करू नका.

आणि हो, सायकल काढताना हेल्मेट घाला, पट्टा लावून! त्यानंतर सोमवारी त्याच्या बाकावर जाऊन बसा. उत्तर उशिरा येईल. थांबाल ना?