'स्ट्राईक' म्हणजे हाणणे नव्हे, उतरवणे!



संप पुकारला की शेठजींचे शहाणे लगेच डिक्शनरी उघडतात. म्हणतात, स्ट्राईक म्हणजे तडाखा, हाणणे. तेव्हा संपवाला मुळातच दांडगा! आमच्यातले चार बुके शिकलेलेही माना डोलावतात. आम्ही चौथी पास माणसे. पण शब्द आला कुठून, हे विचारायला बी.ए. व्हावे लागत नाही.

हा शब्द दर्यावरचा आहे. इंग्रजीत शीड किंवा निशाण खाली उतरवणे यालाही स्ट्राईकच म्हणतात. १७६८ साली इंग्लंडात भाकरी महाग, मजुरी तुटपुंजी. सुंदरलँड बंदरातल्या खलाशांनी चव्हाट्यावर आपली गाऱ्हाणी वाचून दाखवली, मग जहाजांवर चढून शिडांचे आडवे वासे खाली उतरवले. लंडनला थेम्स नदीतही तेच झाले. मालवण-रत्नागिरीकडच्या गाववाल्यांना सांगायला नको, शीड उतरले की गलबत जागचे हलत नाही. जहाज शाबूत, माल शाबूत, फक्त धंदा बंद! त्याच साली टोप्या करणाऱ्या कारागिरांनी मजुरीसाठी काम थांबवले, तर त्यांनाही हाच शब्द लागला. त्यांच्याकडे कुठले आले शीड?

त्या साली लंडनात रक्त सांडले, हे आम्ही लपवत नाही. कोळसा उतरवणाऱ्या हमालांचा संप चालू असता त्यांचे काम खलाशांकडून करून घेऊ लागले. गरीब गरिबावर घातला! मारामारी झाली, माणूस मेला, आणि हमाल फासावर गेले. काम फिरवणाऱ्यांच्या गळ्याला दोर लागला नाही. बदलीवर माणसे घालून संप फोडायची विद्या इतकी जुनी आहे बरं का.

पुढे १७९९ आणि १८०० साली पार्लमेंटने कायदे करून कामगारांची जूट हाच गुन्हा ठरवला. १८२४ साली ते कायदे मागे घ्यावे लागले. शब्द मात्र टिकला.

आमचा 'संप' शब्द आहेच, तोच आम्ही वापरणार. १९२८ साली मुंबईच्या गिरण्या सहा महिने थांबल्या, त्या काही साच्यावर हातोडा घालून नव्हे. दीड लाख माणसांनी आपले हात काढून घेतले म्हणून. कुणी डिक्शनरी नाचवत आला, तर त्याला म्हणावे, दादा, तडाख्याचे पान वाचलेस, आता शिडाचेही वाच.