सरदारांची गर्दी आणि एक शेतमजूर

संस्थेच्या नियोजित स्मृतिग्रंथासाठी जुन्या घराण्यांची टिपणे मागविण्यात आली आणि ती वाचून लावण्याचे काम आमच्याकडे आले, त्यास आता वर्ष होत आले. एकूण ४१ टिपणे हाती आली. त्यांतील २६ घराण्यांचे मूळपुरुष सरदार, पागेदार वा दिवाण असल्याचे कळविण्यात आले आहे. उरलेल्यांपैकी बहुतेक राजगुरू, राजवैद्य नाहीतर राजज्योतिषी. शिलेदाराच्या खाली उतरावयास कोणी तयार नाही. होळकरांच्या आणि शिंद्यांच्या फौजांबरोबर माळव्यात स्वयंपाकी आले नाहीत, न्हावी आले नाहीत, पखालवाले, मोतद्दार, जासूद आले नाहीत, असेच या टिपणांवरून मानावे लागते. मग एवढ्या सरदारांची जेवणे कोण रांधीत होते, असे आम्ही समितीच्या बैठकीत विचारले. थोडा हशा झाला. नंतर एका ज्येष्ठ सभासदांनी गंभीरपणे सुनावले, "अहो, घराण्याचा इतिहास म्हणजे काय खानेसुमारी आहे?"

हे वाक्य आमच्या मनातून जाईना. कारण गेली दोन वर्षे आम्ही खानेसुमारीच पाहत होतो. आमची नव्हे, परक्यांची. आमची पुतणसून कॅनडातील ओंटारिओ प्रांताची. तिचे माहेर झोरा नावाच्या टाउनशिपातले. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील सदरलंड परगण्यातून निघालेल्या शेतकऱ्यांनी ही वस्ती १८३० च्या सुमारास आणि त्यानंतर वसविली. तिच्या घरीही एक थोर कथा होती: तिच्या खापरपणजोबांचे वडील कुणा डोंगरी नायकाचे धाकटे चिरंजीव, रुसून समुद्रापार आले. दिवाणखान्यात कुळाचे म्हणून चौकड्यांचे लोकरी टार्टन आणि एक मुद्राचिन्ह चौकटीत लावलेले होते. कथा खरी करून घ्यावी म्हणून तिने जुनी पत्रके धुंडाळावयास घेतली, आणि अक्षर लावण्याच्या कामी, मोडी वाचणारा म्हातारा म्हणून, आम्हांस हाताशी धरले. मोडीचा तेथे काय उपयोग! पण वाईट अक्षरापुढे चिकाटीने बसण्याची सवय मात्र उपयोगी पडली.

शोधाची रीत साधी असली तरी कष्टाची आहे. माहीत असलेल्या माणसापासून निघायचे आणि एकेक पिढी मागे जायचे. थोर पुरुषापासून निघून खाली उतरत आपल्यापर्यंत यायचे नाही. (आमची टिपणे नेमकी उलटी चालतात.) कॅनडातील १९०१ च्या खानेसुमारीत जन्मतारीख आणि देशात आल्याचे साल विचारलेले आहे; तेथे तिचे खापरपणजोबा वृद्धापकाळाकडे झुकलेले असे सापडले, आणि ते पोरवयात जहाजाने आले हे कळले. त्याच्या मागे जावे तर १८९१ पूर्वीच्या पत्रकांत कुटुंबप्रमुखाशी नाते लिहिण्याचा रकानाच नाही. एका घरात नऊ नावे असली तर त्यांतील पत्नी कोण आणि बहीण कोण, हे वयांवरून ताडायचे. आणि वयांची तर कथाच निराळी. १८४१ साली स्कॉटलंडात १५ वर्षांवरील माणसाचे वय बहुधा खालच्या पाचाच्या पाढ्यात उतरवून लिहीत. ३४ वर्षांचा गडी कागदावर ३० चा. कॅनडातील १८५१ ची म्हणविली जाणारी गणना प्रत्यक्षात जानेवारी १८५२ मध्ये झाली, आणि तीत येत्या वाढदिवसाला पुरे होणारे वय विचारले गेले. म्हणून हा गृहस्थ १८४१ मध्ये ३०, १८५२ मध्ये ४४, १८६१ मध्ये ५२ आणि १८७१ मध्ये ६० वर्षांचा आहे. दहा वर्षांत कधी आठ वर्षांनी वाढतो, कधी चौदा. तरी माणूस एकच.

नावांचा घोळ याहून मोठा. गणना करणारा इंग्रजी लिहिणार, सांगणारा गेलिक बोलणार. 'ऑइरिक' नावाची बाई एका पत्रकात एफी होते, दुसऱ्यात युफेमिया. आडनाव असे की, त्या वस्तीत त्याच आडनावाची आणि त्याच पाळण्यातल्या नावाची माणसे एकमेकांना टोपणनावांनी ओळखीत. आणि टोपणनावे काही सरकारी रकान्यात बसत नाहीत. त्यातही कॅनडाचे पत्रक जन्मस्थानापुढे 'स्कॉटलंड' एवढेच लिहून मोकळे होते. गाव नाही, परगणा नाही. समुद्र ओलांडायचा कसा?

तो ओलांडून दिला पत्नीच्या नावाने. स्कॉटलंडात विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव पुसले जात नाही; चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत आई बहुधा माहेरच्या आडनावानेच येते, आणि थडग्याच्या दगडावरही पतीच्या नावाखाली तीच चाल. १ जानेवारी १८५५ पासून जन्ममृत्यूची सक्तीची सरकारी नोंद तेथे सुरू झाली. तीत मृताच्या आईचे माहेरचे आडनावही विचारू लागले. झोऱ्यातील दफनभूमीत या बाईंचा दगड उभा होता. त्यावर तिचे आडनाव होते आणि सदरलंडमधील रोगार्ट या पॅरिशचे नाव होते. मग मुलांची नावे जुळवून पाहिली. त्या लोकांत पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या नावाचा, पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, असा प्रघात. आजोबांचे नाव नातवाला ठेवणाऱ्या आम्हां मराठी माणसांना हे समजावून सांगावे लागत नाही. रोगार्टच्या वहीतील बाप्तिस्म्यांचा आणि झोऱ्याच्या पत्रकातील मुलांचा क्रम बरोबर बसला. १८४१ चे रोगार्टचे पत्रक काढले. कुटुंब तेथे होते. व्यवसायाच्या रकान्यात संक्षेपाने लिहिलेले होते: शेतमजूर.

नायकाचे चिरंजीव नव्हेत. स्वतःच्या नावे खंडाचे शेतदेखील नाही. ज्या परगण्यात जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी हजारो कुळांना दऱ्याखोऱ्यांतून हुसकावले, स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात १८१४ आणि १८१९ साली ज्यांची घरे जाळली, त्याच परगण्यातील एक पोटार्थी माणूस. रुसून कोणी आले नव्हते. आणि ज्या नायकाशी नाते सांगितले जात होते, त्या नायकांपैकी कित्येकजण हुसकावणाऱ्यांच्या बाजूचे होते!

त्या चौकटीतल्या टार्टनचेही पुढे कळले. अमुक कुळाची अमुक चौकडी ही शिस्त बव्हंशी १९ व्या शतकातली. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा वॉल्टर स्कॉट यांच्या देखरेखीखाली सगळ्या शहराने डोंगरी वेष चढविला, आणि कापडवाल्यांचे फावले. १८४२ मध्ये दोन भावांनी कुळांच्या चौकड्यांचा एक 'प्राचीन' ग्रंथ छापून काढला. तो बनावट होता, आणि आपण राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टचे नातू आहोत हा त्या भावांचा दावाही बनावट. खोट्या नातवांनी खऱ्या लोकांना खोटे आजोबा वाटले. आमच्या येथे हा उद्योग करावयास बाहेरच्या माणसाची गरज पडत नाही.

पुतणसुनेने काय करावे? तिने मुद्राचिन्ह काढले, आणि १८४१ च्या त्या ओळीची प्रत चौकटीत घालून लावली. तिच्या एका वृद्ध मामांनी त्या वर्षी नाताळात जेवणास येण्याचे नाकारले, हेही सांगितले पाहिजे. खरे सांगण्याची किंमत तिकडेही पडते. पण जे मिळाले ते नायकाच्या गोष्टीहून किती तरी भरीव होते. १८५२ चे घर ओंडक्यांचे, एकमजली. १८६१ च्या शेतीच्या पत्रकात किती एकर नांगराखाली, किती कुरण, किती अजून रान. किती बुशेल गहू, किती ओट, मॅपलच्या झाडाची साखर किती पौंड, लोणी किती पौंड, घरी विणलेले फ्लॅनेल किती वार. लोणी आणि फ्लॅनेल पत्रकात पतीच्या नावापुढे मांडलेले आहे. पण ते घुसळले कोणी आणि सूत काढले कोणी, हे सांगावयास पुरावा लागत नाही. १८७१ च्या पत्रकात त्याच बाईच्या नावापुढे, लिहिता न येणाऱ्यांच्या रकान्यात, एक बारीक रेघ आहे. त्या रेघेपाशी पुतणसून बराच वेळ थांबली होती. १८८१ च्या गणनेतील शेतीची पत्रके तेथल्या सरकारने राखली नाहीत. त्यामुळे म्हातारपणी या जोडप्याच्या गोठ्यात किती गाई होत्या, ते आता कळावयाचे नाही. तिला त्याची खंत वाटते. सरदारकी हुकल्याची वाटत नाही.

'अजून रान' या रकान्याबद्दलही एक शब्द. ते रान निर्मनुष्य नव्हते. तेथील मूळ रहिवाशांकडून ब्रिटिश सत्तेने करारांच्या कागदांवर ते घेतले होते. घरातून हुसकावलेला माणूस दुसऱ्याच्या उठविलेल्या घरात येऊन बसला, आणि खानेसुमारीने दोन्ही गोष्टी न बोलता नोंदविल्या. मुलूखगिरीच्या पाठोपाठ परमुलखात वसलेल्या आमच्या घराण्यांना हे वाचून अस्वस्थ वाटावे, अशी आमची इच्छा आहे.

आता कोणी म्हणेल, त्यांच्याकडे पत्रके आहेत म्हणून हे चोचले. आमच्याकडे काय आहे? आक्षेपात तथ्य आहे. स्कॉटलंडात शंभर वर्षांनी घरोघरची पत्रके वंशजांना उघडी होतात. १९२१ ची २०२२ साली झाली. कॅनडात ९२ वर्षांनी. १९३१ ची २०२३ साली. आमच्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाने व्यक्तीची नोंद कोणास पाहता येत नाही, आणि नव्वद वा शंभर वर्षांनी ती उघडावी अशी तरतूद त्यात नाही. आकडे उरतात, आजोबा उरत नाहीत. पण म्हणून साधनेच नाहीत असे कसे म्हणावे? पेशवाईतही खानेसुमारीचे कागद होत. क्षेत्रोपाध्यांच्या वह्या आहेत. संस्थानी दप्तरांत पगारपत्रके आहेत. आणि आमच्याच माळ्यांवर रुमालात बांधलेली मोडी बाडे आहेत, जी दर दिवाळीच्या साफसफाईत थोडी थोडी रद्दीत जातात. साधन नाही ही सबब तेव्हा द्यावी, जेव्हा असलेले वाचून संपले असेल.

आम्ही आमच्यापासून सुरुवात करतो. आमच्या घराण्याचे टिपण आम्हीच १२ वर्षांपूर्वी लिहून संस्थेस दिले होते. त्यात मूळपुरुष 'पागेदार' म्हटले आहेत. आजोबा तसे सांगत, म्हणून आम्ही तसे लिहिले. पुतणसुनेच्या शोधानंतर लाज वाटून बाड सोडले. कागद मोजून सात. त्यांपैकी एकाच कागदात त्यांचा हुद्दा आहे: पागेकडील कारकून. घोड्यांच्या दाण्यावैरणीचा हिशेब लिहिणारा माणूस. 'कडील कारकून' कोणत्या पिढीत गळले, ते सांगता येत नाही. आठ पिढ्यांच्या त्या वंशावळीत पुरुष ३४, आणि स्त्री एकही नाही. आमच्या रीतीत मुलीचे लग्नात आडनाव तर जातेच, बहुधा नावही जाते. त्या लिहिता न येणाऱ्या स्कॉटिश बाईने मेल्यावर आपल्या वंशजांना समुद्र ओलांडून दिला, कारण तिचे नाव दगडावर शाबूत होते. आमच्या घरातील कोणत्याही पणजीला ते करता येणार नाही.

आणि ही सरदारकीची हौस कोणाच्या गावात चालली आहे? ज्या मल्हाररावांनी इंदूर उभे केले, ते होळ गावच्या धनगराचे पुत्र. राणोजी शिंदे पेशव्यांचे जोडे सांभाळीत, ही कथा जॉन माल्कमने 'मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया' या १८२३ च्या ग्रंथात दिली आहे. तो माल्कम, ज्याने १८१८ मध्ये मंदसोरचा तह होळकरांच्या गळी उतरविला, तो स्वतः डम्फ्रीशायरमधील एका खंडकरी शेतकऱ्याच्या १७ मुलांपैकी एक. जॉन केनेथ गॅलब्रेथ १९६१ ते १९६३ दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते; परत गेल्यावर १९६४ साली त्यांनी 'द स्कॉच' हे पुस्तक लिहिले ते ओंटारिओतील आपल्या गावाकडच्या शेतकऱ्यांवर. राज्य स्थापणाऱ्यांना मेंढरे लपवावी लागली नाहीत. राजदूताला नांगर लपवावा लागला नाही. दाण्यावैरणीचा हिशेब लपवावा लागतो तो फक्त आम्हांला.

यावर समितीत असेही म्हटले गेले की, स्वयंपाकी नि मोतद्दार यांची टिपणे आलीच नाहीत, तर आम्ही काय करावे? ती आली नाहीत, कारण त्यांचे वंशज बहुतांशी या संस्थेचे सभासद नाहीत. ते सभासद का नाहीत, हा विचार आम्ही पिढ्यान् पिढ्या केला नाही. त्यांची घरे मात्र याच शहरात, आमच्या वाड्यांच्या मागील गल्ल्यांत आहेत, आणि त्यांची मराठी आमच्याइतकीच जुनी आहे. स्मृतिग्रंथ निघावयाचा तर त्या गल्ल्यांतून हिंडल्यावाचून निघू नये, अशी लेखी सूचना आम्ही समितीकडे दिली आहे. ती फेटाळली गेली तर ग्रंथावर आमचे नाव असणार नाही.

आमचे जुने टिपणही आम्ही परत घेतले आहे. नव्याची पहिली ओळ झाली: पागेकडील कारकून. दुसरी ओळ अडली आहे. गेल्या रविवारी वही घेऊन आत्याबाईंकडे बसलो. त्यांना आता ९१ वे चालू आहे. कारकुनाच्या सुनेचे सासरचे नाव त्यांना ठाऊक होते. माहेर धारकडचे, एवढेही आठवले. माहेरचे नाव आठवता आठवता त्यांना झोप लागली. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहोत.