सात सीट्स आणि एक फाइल

मागच्या गणपतीत आमचे बाबा एस.टी.नं गावी गेले.

भांडणबिंडण काही नव्हतं हो. आमची हॅचबॅक. त्यात मी, बायको, दोन पोरं, आई, आईचा गुडघा (तो लांब करायला वेगळी जागा लागते!), मखराचं सामान आणि बाकरवडीची पाकिटं. एवढं भरल्यावर सहाव्या माणसाला जागाच उरली नाही. बाबा म्हणाले, ''मी जातो की एस.टी.नं. सीनियर सिटिझनला अर्धं तिकीट आहे!'' आणि एक पिशवी घेऊन स्वारगेटला गेले. आम्ही एसी लावून कुंभार्ली घाट उतरत होतो, तेव्हा मागून लेकीनं विचारलं, ''आजोबा आत्ता कुठं असतील?'' काय उत्तर देणार? मी म्युझिकचा आवाज वाढवला.

घरी परतल्यावर ठरवलं. बस्स! सेव्हन सीटर घ्यायची.

पण फ्लॅटच्या ईएमआयच्या मांडीला मांडी लावून आणखी एक ईएमआय बसवायची हिंमत नव्हती. मग सेकंडहँड. बजेट साडेसहा लाख, सगळं धरून. आणि मग दोस्तहो, सुरू झाला चार महिन्यांचा तो कोर्स, ज्याची फी मी जवळजवळ एका पांढऱ्याशुभ्र गाडीच्या रूपानं भरणार होतो.

तिकडे परदेशात ज्याला मिनीव्हॅन म्हणतात, त्या जातीच्या गाड्यांना आपल्याकडे तो शब्द कधी चिकटलाच नाही. आपली पहिली ओळख मारुती व्हॅनशी, १९८४मध्ये. तिचीच पुढे ऑम्नी झाली आणि २०१९पर्यंत ती बनत राहिली. शाळेची पोरं, लग्नाचं वऱ्हाड, भाजी, सगळं तिनं वाहिलं. २००० साली क्वालिस आली, २००५मध्ये तिच्या जागी इनोव्हा आली आणि २०१२मध्ये अर्टिगा. तेव्हापासून घरची मोठी गाडी म्हटलं की मध्यमवर्गीय डोक्यात दोनच नावं. इनोव्हा म्हणजे स्वप्न, अर्टिगा म्हणजे हिशेब!

मी अर्थातच आधी स्वप्नाकडे गेलो.

हायवेच्या कडेला एका डीलरकडे ती उभी होती. २०१३ची इनोव्हा, डिझेल, सीट कव्हर कोरी करकरीत, डॅशबोर्ड असा चमकत होता की त्यात भांग पाडावा. मीटरवर ८६ हजार किलोमीटर. ''डॉक्टरांची गाडी आहे साहेब. घर ते क्लिनिक, क्लिनिक ते घर. इनोव्हा आहे, पाच लाख किलोमीटर हलत नाही. तुम्ही तर अजून सुरुवातसुद्धा केली नाही!''

मी मनातल्या मनात टोकन देऊन मोकळा झालो होतो. बायको म्हणाली, ''आधी काकांना दाखवू.'' काका म्हणजे आमच्या गल्लीतले गॅरेजवाले. रविवारची सकाळ आणि हजार रुपये, एवढी त्यांची फी. (पूर्ण चार महिन्यांत मी केलेला हा सर्वात स्वस्त आणि सर्वात शहाणा खर्च!)

काकांनी गाडी चालू केलीच नाही. आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम! म्हणजे आम्ही यायच्या आधीच कुणीतरी ती चालू करून ठेवली होती. ''गार इंजिन खरं बोलतं,'' काका म्हणाले, ''खडखड, धूर, सगळं पहिल्या मिनिटात. म्हणून आपण आल्यावरच चालू करायला सांगायचं.'' मग बॉनेट उघडून खिशातल्या फडक्यानं इंजिनाच्या पुढच्या बाजूचं एक तेलकट कव्हर पुसलं. त्यावर एक मळकं स्टिकर होतं. पेनानं लिहिलेलं: टायमिंग बेल्ट बदलला, २०१९, १,५८,००० किमी.

मी मीटर पाहिलं. ८६ हजार.

त्या पिढीच्या डिझेल इनोव्हाला टायमिंग बेल्ट असतो. तो ठरावीक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो, नाहीतर तुटला की इंजिनाचं कंबरडं मोडतं. म्हणून बदलणारा मेकॅनिक किलोमीटर लिहून ठेवतो. मीटर मागे फिरवणाऱ्यानं डॅशबोर्ड पुसला, सीट कव्हर बदललं, पण फडकं तिथपर्यंत पोचलं नाही.

डीलर शांतपणे म्हणाला, ''ते दुसऱ्या गाडीचं असेल.''

''मग काय चालत आलं होय?'' काकांनी बॉनेट खाली घेतलं.

परतताना मी इनोव्हाच्या नावानं बोटं मोडत होतो, तर काकांनी थांबवलं. ''गाडीचा काय दोष? उलट गाडी चांगली म्हणूनच हे धंदे चालतात.''

बॉस, हे वाक्य मला तीन दिवस पुरलं. विचार करा. इनोव्हा खरोखरच दणकट. ट्रकसारखी वेगळी चासी, साधं डिझेल इंजिन, गावोगाव जमणारी दुरुस्ती. म्हणून टुरिस्टवाल्यांनी ती डोळे झाकून घेतली आणि अक्षरशः लाखो किलोमीटर पळवली. म्हणजे ज्या दणकटपणासाठी आपण ती शोधतो, त्याच दणकटपणामुळे बाजारातल्या कितीतरी गाड्या आधीच पिळून निघालेल्या असतात. वर नावाला भाव आहे, म्हणून मीटर फिरवणं परवडतं. खटारा म्हणून बदनाम असलेल्या गाडीचं मीटर कोण कशाला फिरवेल?

रिव्ह्यू वाचताना आपण 'रिलायबल आहे का?' हा प्रश्न मॉडेलला विचारतो. तो विचारायलाच हवा. शेवरोलेनं २०१७च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, होंडाची मोबिलिओसुद्धा त्याच वर्षी गेली. अशा गाड्या स्वस्तात मिळतात, पण पार्ट वेळेवर मिळणार का, हे घेण्याआधी मेकॅनिकला विचारा. मात्र मॉडेलचं नाव फक्त एवढंच सांगतं की ही गाडी किती टिकू शकते. ही समोरची गाडी किती टिकेल, ते तिला आजवर कुणी कसं वापरलं त्यावर ठरतं. आणि ते नावात नसतं, मीटरमध्येही नसतं.

मग असतं कुठं? ते मला बाबांनी दाखवलं.

तोपर्यंत बाबांना मी यात घेतलंच नव्हतं. ते सरकारी खात्यातले निवृत्त ऑडिटर. आयुष्यात त्यांनी एक स्कूटर वापरली, तीही एकवीस वर्षं. त्यांना गाडीतलं काय कळणार, असं मला वाटायचं. चिंचवडला एक अर्टिगा बघायला निघालो, तर तेच म्हणाले, ''येऊ का? घरी बसून काय करू?''

२०१६ची अर्टिगा, पेट्रोल. मालक बँकेतून निवृत्त. मीटर: १,१४,००० किलोमीटर. मी बायकोकडे बघून नाक मुरडलं. लाखाच्या वर! सीट कव्हर विरलेलं, मागच्या डाव्या दरवाजाचा रंग बाकीच्या गाडीपेक्षा किंचित वेगळा, टेप जुनाट. मी निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात मालकांनी आतून एक जाडजूड फाइल आणली आणि बाबांचे डोळे चमकले.

पुढची पाऊण तास मी गाडीभोवती फिरत होतो आणि बाबा ओसरीवर बसून फाइल वाचत होते. प्रत्येक सर्व्हिसचं बिल. तारीख, किलोमीटर, काय बदललं. ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरी. बाबांनी कागद मागून चक्क किलोमीटरचा तक्ता काढला. मग चष्मा वर करून विचारलं, ''साहेब, इथं चौदा महिने एकही बिल नाही.''

मालक हसले. ''२०२०. लॉकडाऊन. गाडी खालीच उभी होती. पुढच्या बिलावरचे किलोमीटर बघा.''

बाबांनी बघितलं. चौदा महिन्यांत फक्त नऊशे किलोमीटर वाढले होते. त्यांनी मान डोलावली आणि माझ्या कानात म्हणाले, ''हिशेब जुळतो.''

त्यानंतर मालकांनी न विचारता सांगितलं, ''क्लच वर्षभरात मागेल. तो दरवाजा सोसायटीच्या गेटवर ठोकला होता मी, हे त्याचं बिल. आणि टायर बदला.'' टायरच्या बाजूला चार आकडे होते, १११८. म्हणजे २०१८चा अकरावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर म्हातारं!

पुढच्या रविवारी काका आले. बॉनेट गार. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून पाहिलं, आतून धुराचे भपकारे नाहीत. सायलेन्सरमधून निळा धूर नाही (तो दिसला की समजायचं इंजिन ऑइल खातंय). सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिले. का, तर पुरात बुडालेल्या गाडीचं सगळं धुतात, पण बेल्टच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं: आम्ही सहाही जण गाडीत बसलो, पुढचा-मागचा एसी फुल्ल केला आणि कात्रजचा घाट चढलो. अहो, एकट्यानं टेस्ट ड्राइव्ह घेऊन सेव्हन सीटरचं काय कळणार? तिची परीक्षा माणसं भरल्यावर!

चढावर क्लचनं थोडी कुरकुर केली. मालकांनी आधीच सांगितलेली. टेम्परेचर जागचं हललं नाही. तिसऱ्या रांगेत लेक झोपली.

पेट्रोलच का? कारण मी ऑफिसला कंपनीच्या बसनं जातो. आठवड्यात गाडी फिरते ती भाजी, शाळा आणि आईचा डॉक्टर एवढीच. २०२०नंतरच्या बीएस सहा डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वच्छ राहायला गाडी अधूनमधून लांब आणि वेगात पळावी लागते. सिग्नल ते सिग्नल चालवलीत तर तो तुंबतो. रोजचं रनिंग मोठं असेल तर डिझेलचा विचार करा, नाहीतर दोन रुपये वाचवायला वीस घालवाल.

शेवटी सौदा पाच लाख पस्तीस हजारांना ठरला. क्लच, चार टायर, बॅटरी आणि सगळी ऑइलं मिळून पन्नास हजारांच्या आसपास वर गेले. म्हणून सांगतो, बजेटच्या दहा-पंधरा टक्के रक्कम आधीच बाजूला काढा. सेकंडहँड गाडी पहिल्या महिन्यात काही ना काही मागतेच.

आता तुम्ही शोधात असाल तर कागदांचं थोडं:

● गाडीच्या नंबरावरून परिवहनच्या साइटवर कितवा मालक, नोंदणी कधी, बँकेचा बोजा आहे का, ते बघा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवाच. जुनी ई-चलनं मालकाला भरायला लावा.

● फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे गाडी नावावर झाली असं नाही. आरटीओत ट्रान्सफर पूर्ण होऊन आरसी हातात येईपर्यंत पाठपुरावा करा.

● इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही.

● परराज्यातली गाडी स्वस्त दिसते. पण तिकडची एनओसी आणि इथला रोड टॅक्स जोडून मग बघा.

● खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. उरलेली वर्षं किमतीत मोजा.

● ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे २०१९मध्ये सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीत ती आहे की नाही, ते व्हर्जन बघून खात्री करा. गाडी घरच्यांसाठी घेताय ना?

● आणि फाइल मागा. दोन लाख किलोमीटर झालेली, फाइल असलेली इनोव्हा मी आजही घेईन. ८६ हजारवाली, फाइल नसलेली नाही.

यंदा गणपतीला आम्ही सगळे एका गाडीतून गेलो. कुंभार्लीच्या आधी पेट्रोल भरायला थांबलो, तर मधल्या सीटवर आईच्या गुडघ्याशेजारी बसलेल्या बाबांनी पिशवीतून ती फाइल काढली. शेवटच्या बिलामागे एक कोरा पान लावलेलं होतं. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. खाली सही.

''बाबा, पेट्रोलची कशाला नोंद?''

''पुढं कुणीतरी ही गाडी घेईल,'' ते म्हणाले. ''त्याला नको का?''

घाट सुरू झाला. तिसऱ्या रांगेतून लेक काही विचारेल म्हणून मी वाट बघत होतो. पण तिला विचारण्यासारखं काही नव्हतंच. आजोबा समोरच होते, ''एस.टी. याहून लवकर पोचते'' असं सांगत.