राणीची कैफियत

गोपाळ गणेश आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात ज्याच्या भाषांतरास हात घातला, १८८३ मध्ये जे ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले आणि गणपतराव जोशांच्या अभिनयाने ज्याने महाराष्ट्राला वेड लावले, त्या ‘हॅम्लेट’चा नायक सूड घेण्यास विलंब का लावतो, हा वाद अद्यापि निकालात निघालेला नाही. गटेला त्यात न पेलणाऱ्या कर्तव्याखाली चिरडलेला कोमल जीव दिसला, कोलरिजला अतिविचाराने कुंठित झालेली इच्छाशक्ती, ब्रॅडलीला विषाद. एलियटने तर १९१९ मध्ये नाटकच फसल्याचा निवाडा दिला.

आमच्या मते, राजपुत्राचीच जबानी घेण्यात टीकाकार इतके गुंतले, की राणीची कैफियत दप्तरी दाखलच झाली नाही. अंतःपुरातील प्रवेशात पुत्राने राजहत्येचा उच्चार करताच ती थक्क होते. पित्याचे भूत पुत्राला दिसते, तिला दिसत नाही. तिचा पुनर्विवाह घाईचा खरा; परंतु एवढ्यावरून तिला खुनाच्या कटात सामील ठरविणे हा उघड अन्याय होय.

या अंकातील लेखकांना हे मान्य नाही, म्हणूनच त्यांचे लेख अग्रभागी छापले आहेत. पार्ल्याच्या दीनानाथ, बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे आणि मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहाच्या रसिकांनी मूळ संहिता पुन्हा वाचून आपला अभिप्राय आम्हांस अवश्य कळवावा.