लाजेपायी उशीर नको

आपल्या सीमाभागात शरीर कमावण्याची हौस जुनी. मराठी घरात तिला तालीम म्हणतात, कन्नड घरात गरडी मने. तांबडी माती दोन्हीकडे एकच. तालमीतला खुराक दूध, तूप आणि बदामाची थंडाई असा होता आणि तो घरच्यांच्या डोळ्यांदेखत तयार होई. आता तालमीच्या शेजारी जिम आली आणि खुराकाच्या जागी पावडरचा डबा, गोळ्या, इंजेक्शन आले. डब्यात काय आहे ते आईलाही ठाऊक नसते आणि बऱ्याचदा मुलालाही नसते.

इंदूरजवळ हातोदला माझी मावसबहीण राहते. तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा उन्हाळ्यात लग्नासाठी आमच्याकडे आला होता. सगळी पोरे विहिरीत उतरली, हा मात्र शर्ट काढेना. रात्री गच्चीवर हळूच म्हणाला, “मामा, आईला सांगू नका.” जिममधल्या कोणाच्या तरी सल्ल्याने त्याने तीन महिने ‘ताकदीच्या’ गोळ्या घेतल्या होत्या. नंतर दोन्ही स्तनाग्रांखाली दुखरी गाठ आली आणि छाती मुलीसारखी दिसू लागली. गेले आठ महिने तो हे एकटाच सोसत होता. कन्नडात ‘मुजुगर’ हा शब्द आहे. आपल्या ‘संकोचा’पेक्षा तो मला अधिक अवघडलेला वाटतो. पोराच्या तोंडावर तेच होते.

मी मराठी शिकवणारा माणूस, डॉक्टर नव्हे. म्हणून त्याला घेऊन ओळखीच्या सर्जनकडे गेलो आणि जे समजून घेतले ते वाचकांपुढे ठेवतो आहे, कारण असा मुलगा कोणाच्याही घरात असू शकतो.

या विकाराला गायनेकोमॅस्टिया म्हणतात. पुरुषाच्या शरीरातही थोडी स्तनग्रंथी असते आणि थोडे इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरकही असते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा तशी स्टेरॉइडे घेतली की शरीर त्यातल्या काहींचे रूपांतर इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकात करते आणि ग्रंथी वाढू लागते. शिवाय बाहेरून पुरवठा होतो आहे असे पाहून वृषणे स्वतःचे काम थांबवतात. त्यामुळे गोळ्या बंद केल्यावरही काही काळ पुरुषी संप्रेरक कमी आणि इस्ट्रोजेन वरचढ राहते. कित्येकांना गाठ तेव्हाच जाणवते. पुरुषी दिसण्यासाठी घेतलेले औषध उलटते ते असे.

हा प्रश्न नवा नाही. सातव्या शतकातल्या पॉल ऑफ एजिना या ग्रीक वैद्याने यावरची शस्त्रक्रिया लिहून ठेवली आहे. नवी आहे ती औषधांची सहज उपलब्धता. २०१६च्या रिओ ऑलिंपिकच्या वेळचे प्रकरण आठवत असेल. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवच्या चाचणीत मिथँडिएनोन हे स्टेरॉइड आढळले. आपल्या खाण्यात ते कोणीतरी मिसळले असे त्याचे म्हणणे होते. नाडाने ते मानले, पण क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. त्या वादात शिरायचे कारण नाही. पण तेव्हा घराघरात ऐकलेले हे मिथँडिएनोन छातीत गाठ आणणाऱ्या स्टेरॉइडांपैकीच एक आहे, हे फारसे कोणी सांगितले नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६च्या नियमांनुसार पूरक आहारात संप्रेरके किंवा स्टेरॉइडे घालता येत नाहीत. म्हणजे डब्यात ती असतील तर माल बेकायदेशीर आहे.

आता उपायांकडे येऊ. पहिली पायरी निदानाची. नुसती चरबी असेल तर वजन उतरल्यावर छातीही उतरते. ग्रंथी असेल तर स्तनाग्राखाली रबरासारखी चकती बोटांना लागते. बारा ते सोळा वर्षांच्या कितीतरी मुलांना वयात येताना अशी गाठ येते आणि बहुतेकांची एक-दोन वर्षांत आपोआप जाते. तिथे धीर द्यायचा, औषध नाही. इतरांची डॉक्टर वृषणे तपासतात, संप्रेरके, यकृत, मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या रक्तचाचण्या करतात, गरज पडल्यास सोनोग्राफीही. काही नेहमीच्या औषधांनीही गाठ येते, म्हणून घेतलेले सगळे खरे सांगावे. गाठ एकाच बाजूला, दगडासारखी कडक, स्तनाग्रापासून बाजूला असेल, कातडी आत ओढली जात असेल किंवा रक्तस्राव होत असेल, तर एक दिवसही थांबू नये. पुरुषांनाही क्वचित स्तनाचा कर्करोग होतो.

दुसरी पायरी म्हणजे ती गोळी, ते इंजेक्शन थांबवणे. मात्र डॉक्टरांना सांगून, कारण शरीराचे स्वतःचे संप्रेरक पूर्ववत व्हायला महिने लागतात आणि त्या काळात थकवा, उदासी येऊ शकते. गाठ नवी असेल तर काहींची एवढ्यानेच कमी होते.

तिसरी पायरी औषधाची. टॅमॉक्सिफेन हे मूळचे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध. दुखऱ्या, नव्या गाठीवर डॉक्टर ते काही महिने देतात. पण त्याने रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो, त्यामुळे दुकानातून परस्पर आणून घेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की औषधाचा उपयोग पहिल्या काही महिन्यांतच. साधारण वर्ष उलटले की ग्रंथी तंतुमय, घट्ट होते. मग गोळी, तेल, मालिश यांपैकी कशानेही ती विरघळत नाही. जोर मारून तर मुळीच नाही. खालचा स्नायू वाढतो आणि गाठ आणखी पुढे दिसते.

चौथी पायरी शस्त्रक्रियेची. स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेला अर्धगोल छेद घेऊन ग्रंथी काढतात, भोवतीची चरबी नळीने ओढून घेतात. नुसती चरबी ओढून घट्ट ग्रंथी निघत नाही, हे आधी विचारून घ्यावे. स्तनाग्राखाली थोडा भाग मुद्दाम ठेवतात, नाहीतर तिथे खळगा पडतो. बहुतेक जण त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. काही आठवडे घट्ट बनियन घालावे लागते आणि वजन उचलणे बंद. रक्त किंवा पाणी साठणे, स्तनाग्राची संवेदना कमी होणे असे त्रास होऊ शकतात. काढलेला भाग तपासणीला पाठवायला सांगावे. आणि पुन्हा तीच गोळी सुरू केली तर गाठही परत येऊ शकते.

खर्चाची काळजी असेल तर आधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावे. बेळगाव, मिरज, कोल्हापूर, सोलापूर, सगळीकडे ती सोय आहे.

या चारही पायऱ्यांत पैशाइतकाच महत्त्वाचा आहे तो वेळ, आणि तो खातो फक्त संकोच. घरात मुलगा अचानक सैल शर्ट घालू लागला, खांदे पाडून चालू लागला, पोहायला जाईनासा झाला, तर चिडवू नका. ‘बायकी’ हा एक शब्द त्याला आणखी सहा महिने गप्प बसवतो. वडिलांना सांगता येत नाही ते पोरे मामाला, सोदरमावला सांगतात. म्हणून मामा लोकांनी आपण होऊन विचारावे.

कन्नडात एक म्हण आहे, ‘ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल.’ जेवायचे कळते त्याला रोग नाही, बोलायचे कळते त्याला भांडण नाही. या बाबतीत मी तिचा दुसरा अर्धा थोडा बदलून वाचतो. खाण्यात चूक झालीच, तरी वेळेवर बोलणाऱ्याचा रोग बहुधा गोळीवर भागतो. गप्प राहणाऱ्याला सुरीपर्यंत जावे लागते.