विश्लेषण : हत्तीरोग जाईल, पण सुजलेल्या पायाचे काय?

देशातून २०२७ पर्यंत हत्तीरोग हद्दपार करण्याचे केंद्र सरकारचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी घरोघरी गोळ्या खाऊ घातल्या जातात. मात्र ज्यांचा पाय आधीच सुजला आहे, त्यांचा उपचार या गोळीत नाही. तो घरातल्या मोरीवर, बादली-साबणाने रोज करावा लागतो आणि नेमके त्याकडेच दुर्लक्ष होते.

सूज का उतरत नाही?

क्युलेक्स डासामार्फत शिरलेले कृमी लसीकावाहिन्यांत ठाण मांडतात. वाहिन्या निकामी झाल्या की पायात द्रव साचतो. सामूहिक मोहिमेतील डीईसी आणि अल्बेंडाझोल (काही जिल्ह्यांत सोबत आयव्हरमेक्टिन) या गोळ्या रक्तातील सूक्ष्म जंतू कमी करून प्रसार रोखतात. मात्र निकामी वाहिन्या त्यांनी दुरुस्त होत नाहीत. स्तनाच्या कर्करोगात काखेतील गाठी काढल्यावर हाताला येणारी सूज वेगळ्या कारणाची असली, तरी त्वचा जपणे तिथेही तितकेच महत्त्वाचे असते.

घरी काय करायचे?

रोज साबण आणि साध्या पाण्याने पाय हळुवार धुवायचा, गरम पाणी वापरायचे नाही. बोटांच्या बेचक्या व घड्या मऊ कापडाने टिपून कोरड्या करायच्या. बेचकीत चिखल्या, भेगा असतील तर डॉक्टरांनी दिलेले मलम लावायचे. बसताना पाय खाली लोंबकळत ठेवायचा नाही. झोपताना त्याखाली गोधडीची घडी ठेवायची. घोटा वर-खाली, गोल फिरवायचा. अनवाणी चालायचे नाही. घट्ट पट्टी मात्र प्रशिक्षित व्यक्तीकडून शिकल्याशिवाय बांधायची नाही.

एवढ्याने फरक पडतो?

पडतो, कारण सूज वाढवणारा मोठा शत्रू म्हणजे जिवाणू संसर्ग. बेचकीतील भेगेतून जिवाणू शिरले की थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होतो, ठणकतो. रुग्ण काही दिवस अंथरुणाला खिळतो आणि प्रत्येक झटक्यानंतर सूज आणखी वाढू शकते. स्वच्छतेने हे झटके कमी होतात. झटका आलाच तर व्यायाम व पट्टी थांबवावी, पाय उंच ठेवून विश्रांती घ्यावी आणि लगेच आरोग्य केंद्र गाठावे.

अडते कुठे?

रुग्णांना टब, मग, टॉवेल, साबण, मलम असलेले किट दिले जाते. वाटपाचा आकडा अहवालात जातो आणि काम संपल्यासारखे होते. पण साबण महिन्याभरात संपतो, मलमाची ट्यूब त्याआधीच. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत मजूर बाया दिवसभर बांधीतल्या चिखलात उभ्या असतात. त्यांना ‘पाय कोरडा ठेवा’ एवढेच सांगणे म्हणजे सल्ला नव्हे, थट्टा आहे. सुजलेल्या पायात बाजारातली चप्पल शिरत नाही, ती मापाने शिवून घ्यावी लागते.

मग करायला काय हवे?

किट एकदा वाटण्याची वस्तू नाही. साबण आणि मलम रक्तदाबाच्या गोळ्यांसारखे नियमित मिळाले पाहिजे. आशा स्वयंसेविकेने रुग्णाच्या घरी, घरच्या माणसासमोर पाय धुऊन दाखवावा, महिन्याने पुन्हा पाहावे आणि त्या भेटीचा मोबदला तिला मिळावा. उपकेंद्राच्या नोंदवहीत किती किट वाटले यापेक्षा किती जणांना वर्षभरात तापाचे किती झटके आले, हे लिहिले जावे. मापाच्या चपलेचा खर्चही कार्यक्रमानेच उचलावा.

जागतिक आरोग्य संघटनाही उच्चाटनावर शिक्कामोर्तब करताना केवळ प्रसार थांबला का, एवढेच पाहत नाही. रुग्णांना उपचारसेवा उपलब्ध आहे का, याचीही नोंद मागते. नवा रुग्ण सापडला नाही म्हणून जुन्याचा पाय हलका होत नाही. २०२७ नंतर गोळ्यांची मोहीम थांबेल, पण या माणसांना साबण त्यानंतरही रोज लागणार आहे. त्याची तरतूद आजच व्हायला हवी.