शाल, श्रीफळ आणि रिकाम्या जागा

कर्करोग्यांसाठी निधी गोळा करण्याची गोष्ट महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या गावांना आता नवीन राहिलेली नाही. गणेशोत्सव मंडळे सजावटीत काटकसर करून देणगी देतात, एखादा क्लब गाण्याची मैफल लावतो, महाविद्यालयीन विद्यार्थी डबे घेऊन बाजारपेठेत फिरतात, शिक्षक आणि कारकून एक दिवसाचे वेतन देतात. ४ फेब्रुवारीच्या कर्करोग दिनी जमलेल्या रकमेचा धनादेश व्यासपीठावर सुपूर्द होतो आणि १२ मेच्या परिचारिका दिनी चार-दोन सिस्टरना शाल व श्रीफळ देऊन त्यांच्या सेवाभावाचा गौरव केला जातो. या साऱ्यामागील भावना खरी असते आणि तिची टिंगल करण्याचे काही कारण नाही. परंतु भावना खरी असली म्हणजे पैसा योग्य ठिकाणी पोहोचतोच असे नाही, आणि टाळ्या मनापासून वाजल्या म्हणजे ऋण फिटते असेही नाही. जमलेल्या निधीचा ओघ बहुधा इमारत आणि यंत्रसामग्री यांकडे असतो. रोगी मात्र पुष्कळदा हरतो तो एसटीचे भाडे, शहरातला मुक्काम, बुडालेली मजुरी आणि शुश्रूषेला अपुरे पडणारे हात यांच्यापायी. निधी उभारणाऱ्यांनी ही विसंगती समजावून घेणे अगत्याचे झाले आहे.

कर्करोगाचा उपचार ही एका दिवसाची गोष्ट नसते. शस्त्रक्रिया झाली की घरी परतावे आणि कामाला लागावे, असे भाग्य थोड्यांचेच. क्ष-किरणोपचाराचा क्रम बहुधा आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे पाच ते सात आठवडे चालतो. रसायनोपचाराच्या फेऱ्या अनेकदा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने महिनोन्महिने घ्याव्या लागतात. पन्नास-साठ कोसांवरून येणाऱ्या शेतमजुराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की रोगी आणि त्याच्यासोबतचे माणूस अशा दोघांची मजुरी बुडते. शहरात दोघांच्या जेवणाखाण्याचा आणि निवाऱ्याचा खर्च उभा राहतो आणि घरी मुले व गुरे शेजाऱ्यांच्या भरवशावर राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत हातातले पैसे संपतात. गाठ थोडी लहान झालेली असते, वेदना कमी झालेली असते. मग 'पुढच्या महिन्यात येतो' असे सांगून कुटुंब गावी निघून जाते. पुढे ते येते तेव्हा रोग आवाक्याबाहेर गेलेला असतो. रुग्णालयाच्या कागदावर अशा रोग्यापुढे 'अनुपस्थित' एवढीच नोंद होते.

यावर, औषधोपचार आता सरकारी योजनेत मोफत मिळतात, मग अडचण कोठे आहे, असे कोणी विचारील. राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. पुढे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घालण्यात आली आणि खर्चाची मर्यादाही वाढली. कर्करोगाच्या अनेक उपचारांचा तिच्यात समावेश आहे. एरवी ज्यांनी उपचारांचा विचारही केला नसता अशा असंख्य कुटुंबांना तिने रुग्णालयाचे दार उघडून दिले, हे तिचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु दार उघडणे निराळे आणि शेवटच्या फेरीपर्यंत त्या दारातून येत राहणे निराळे. योजना शस्त्रक्रियेचे आणि औषधाचे पैसे रुग्णालयाला देते. पाच आठवड्यांच्या मुक्कामाचे आणि बुडालेल्या मजुरीचे पैसे रोग्याला देत नाही. शासनाचा हात जेथे संपतो तेथून लोकांच्या दानाने पुढे व्हावे, हा साधा व्यवहार आहे. प्रत्यक्षात मात्र शासनाने जे करावयाचे त्याचीच पुनरावृत्ती आपले दान करीत राहते.

इमारत आणि यंत्र यांसाठी दान देणे मुळातच चूक होय, असे येथे म्हणावयाचे नाही. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर सर दोराबजी टाटा यांच्या मनात आलेला संकल्प त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या विश्वस्त निधीने पुरा केला आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. त्या काळी या रोगासाठी स्वतंत्र रुग्णालय ही कल्पनाच देशात नवी होती. दानाने इमारत बांधणे हेच तेव्हा योग्य होते. पण या इतिहासाचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. १९५७ साली हे रुग्णालय केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे आले. दानाने आरंभ होऊ शकतो. परंतु शेकडो डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ यांचे वेतन पिढ्यान्‌पिढ्या देत राहण्याचे काम सार्वजनिक तिजोरीलाच उचलावे लागते, हा त्यातील बोध आहे. ज्या गावात निधी जमवून कित्येक कोटींचे किरणोपचार यंत्र आणण्याचे बेत होतात, तेथे हा बोध विशेष ध्यानी घ्यावयास हवा. असे यंत्र चालविण्यास अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, प्रशिक्षित भौतिकशास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ लागतात आणि देखभालीचा करार दरवर्षी करावा लागतो. कोनशिला एकदाच बसवावी लागते. माणसे मात्र दरमहा पोसावी लागतात.

रुग्णालयाबाहेरच्या गरजेकडे ज्यांनी पाहिले त्यांची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत. गाडगेबाबांनी मंदिरे न बांधता धर्मशाळा बांधल्या, हे आपण शाळेच्या पुस्तकांतून शिकलो. पण त्यांपैकी एक त्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळ उभारली, यामागची दूरदृष्टी पुरेशी लक्षात घेतली जात नाही. खेड्यातला आजारी माणूस शहरात आला, तर त्याला डॉक्टरइतकीच पाठ टेकावयास जागा लागते, हे त्या निरक्षर संताने अचूक ओळखले होते. त्यांच्याच नावाने दादरला चालणारी धर्मशाळा आज परळच्या रुग्णालयात येणाऱ्या कर्करोग्यांचा मोठा आधार आहे. २००६ साली मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड संस्थेने कर्करोगग्रस्त मुलांना आणि त्यांच्या आईबापांना उपचार संपेपर्यंत विनामूल्य राहावयास जागा देण्याचे काम हाती घेतले आणि पुढे ते अन्य शहरांतही नेले. निवारा, सकस आहार, आर्थिक साहाय्य आणि समजावून सांगणारे माणूस या चार गोष्टी एकत्र पुरविल्या म्हणजे उपचार अर्धवट सोडणाऱ्या मुलांचे प्रमाण पुष्कळ घटते, असा टाटा रुग्णालयातील बालविभागाचा अनुभव आहे. औषध तेच, डॉक्टर तेच. बदलली ती केवळ भोवतालची व्यवस्था.

दुसरे उदाहरण बार्शीचे. सोलापूर जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून नर्गिस दत्त यांच्या नावाने कर्करुग्णालय उभे राहिले. १९८७ साली तेथे ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. खेड्यापाड्यांसाठी अशी नोंदवही देशात प्रथमच होत होती. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. शहरातील नोंदवही रुग्णालयांच्या कागदपत्रांवर चालते. येथे रोगी रुग्णालयापर्यंत येतच नव्हते, म्हणून कार्यकर्त्यांना गावोगाव जावे लागले, बैठका घ्याव्या लागल्या, लक्षणे समजावून सांगावी लागली. यातून केवळ आकडे जमले नाहीत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या. पायपीट करणाऱ्या माणसांनीच हा बदल घडविला होता.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून टाटा रुग्णालयाने केलेल्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेने जातो. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा त्यात समावेश होता. तपासणी करणाऱ्या सेविका डॉक्टर नव्हत्या. बेताचे शालेय शिक्षण झालेल्या स्त्रियांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देण्यात आले होते. सौम्य आम्लाचे द्रावण लावून गर्भाशयमुखाची नुसत्या डोळ्यांनी पाहणी करावयाची, एवढेच त्यांचे तंत्र. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१३ साली जाहीर झाले. तुलनेसाठी निवडलेल्या गटातील स्त्रियांना ही तपासणी का दिली नाही, यावर पुढे वाद झाला आणि तो अस्थानी नव्हता. परंतु शिकविलेल्या, विश्वासातल्या आणि पुनःपुन्हा दारी येणाऱ्या सेविकेच्या हातून प्राण वाचू शकतात, ही गोष्ट त्या वादाने खोटी ठरत नाही.

आता या हातांची आपण काय बूज राखतो ते पाहू. कर्करोग कक्षातील परिचारिकेचे काम इंजेक्शन देण्यापुरते नसते. रसायनोपचाराचे औषध शिरेबाहेर झिरपले तर भोवतालचा भाग जळून जातो, म्हणून तिला थेंबाथेंबावर नजर ठेवावी लागते. तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांनी आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे थैमान घातले आहे. अशा रोग्याच्या नाकातून नळी घालून अन्न देणे, गळ्याच्या छिद्राची निगा राखणे, दुर्गंधी येणाऱ्या जखमेची तोंड न फिरविता मलमपट्टी करणे आणि बोलता न येणाऱ्या माणसाचे म्हणणे समजून घेणे ही तिची नित्याची कामे. रात्री बिछाना बदलणारी मावशी, ढकलखुर्ची नेणारा वॉर्डबॉय आणि फरशी पुसणारा कामगार यांचाही या शुश्रूषेत वाटा असतो. रोग बरा होण्यापलीकडे गेला तरी शुश्रूषा संपत नाही, हे वांद्र्याच्या 'शांति आवेदना सदना'ने १९८६ पासून दाखवून दिले आहे. देशातील या पहिल्या अंत्यशुश्रूषागृहात वेदना शमविणे आणि जवळ बसणे हाच उपचार होय.

या माणसांविषयीची आपली कृतज्ञता मात्र सोयीची आहे. २२ मार्च २०२० रोजी साऱ्या देशाने सज्जांत उभे राहून त्यांच्यासाठी थाळ्या वाजविल्या. मे २०२२ मध्ये राज्यातील सरकारी रुग्णालयांच्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरती करू नये ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. त्या वेळी थाळी वाजविणारे बहुतेक हात स्वस्थ होते. जिला 'देवदूत' म्हणावयाचे तिची नेमणूक अकरा महिन्यांची असावी, मंजूर जागा रिकामी ठेवून तिच्याकडून दोघींचे काम घ्यावे आणि वर्षातून एकदा तिला शाल पांघरावी, या व्यवहाराला गौरव म्हणणे कठीण आहे. सेवाभावाची स्तुती पुष्कळदा वेतनाचा आणि मनुष्यबळाचा प्रश्न टाळण्यासाठीच होत असते. देवदूताला भविष्यनिर्वाह निधी लागत नाही, हीच त्या उपमेची सोय असते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. लोकांच्या निधीतून परिचारिकांचे वेतन दिले तर शासन आपल्या जबाबदारीतून अंग काढून घेईल, आणि निधी आटला की त्या उघड्यावर पडतील. हे खरे आहे, आणि म्हणूनच मंजूर जागांचे वेतन दानातून देऊ नये. त्या जागा भरण्याची मागणी मात्र निधी देणाऱ्यांनी केली पाहिजे. ज्या समितीच्या हाती गावाचा पैसा आणि गावाची प्रतिष्ठा आहे तिने रुग्णालयाला विचारावे, की कक्षात खाटा किती, परिचारिका किती आणि रिकाम्या जागा किती. दानाचा पैसा प्रवासखर्च, धर्मशाळा, दोन वेळचे जेवण, फेरी चुकविणाऱ्या रोग्याच्या घरी जाऊन चौकशी करणारा कार्यकर्ता आणि कर्करोग शुश्रूषेचे प्रशिक्षण यांसाठी राखावा. या गोष्टींवर नावाची पाटी बसविता येत नाही, हे खरे. म्हणून देणगीदारांना निराळा हिशेब द्यावा. किती रुपये जमले यासोबत, किती रोग्यांनी उपचार सुरू केले, किती जणांनी ते पुरे केले आणि जे मध्येच थांबले ते कशामुळे थांबले, हे वर्षाच्या शेवटी जाहीर व्हावे.

हे काम करणारा वर्ग आपल्या समाजात आहे. एक दिवसाचे वेतन देणाऱ्या शिक्षकाला आणि कारकुनाला हिशेब मागण्याचा पुरा अधिकार आहे आणि हिशेब वाचण्याची सवयही आहे. डबा घेऊन फिरणाऱ्या विद्यार्थ्यांना एखाद्या कुटुंबाला रुग्णालयाचे कागद भरून देणे वा फेरीच्या तारखेची आठवण करून देणे अवघड नाही. २०२२ च्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे १४ लाख लोकांना हा रोग नव्याने होतो. तेव्हा आज देणगी देणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी त्याची पावले उमटणार आहेत. येत्या १२ मे रोजी सत्कार जरूर व्हावेत. पण त्याच व्यासपीठावरून त्या रुग्णालयातील रिकाम्या जागांचा आकडाही वाचून दाखवावा, आणि पुढच्या वर्षी तो किती कमी झाला हे विचारण्यासाठी श्रोत्यांनी पुन्हा जमावे.